कॅराव्हॅन घेऊन आउटबॅकमध्ये: ॲडलेडहून उत्तरेला निघणाऱ्या नवख्यांसाठी

दरवर्षी मे-जून आला की आमच्या ॲडलेडच्या मराठी घोळक्यात कुणीतरी हमखास विचारतं, "शाळेच्या सुट्टीत दहा दिवस मिळतायत. कॅराव्हॅन भाड्याने घेऊन डार्विनपर्यंत जाऊन यावं म्हणतोय, जमेल का?" मी फक्त अंतर सांगते. ॲडलेड ते डार्विन सुमारे ३,००० किलोमीटर, तेही एका बाजूने. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत आलात तरी एवढं होत नाही. विचारणारा थोडा वेळ गप्प बसतो आणि मग म्हणतो, "बरं, मग त्यात पॉइंट किती होतील?"

महाबळेश्वरला टॅक्सी करून दुपारच्या जेवणापर्यंत सात पॉइंट उरकता येतात. आउटबॅक, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतला विरळ वस्तीचा ओसाड मुलूख, असा उरकत नाही. इथे एका गावाहून दुसरं गाव अडीचशे किलोमीटरवर, आणि मधे घर, दुकान, चहाची टपरी काही काही नाही. हा लेख अशा ठिकाणी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. साधी चारचाकी किंवा फोर-व्हील-ड्राइव्ह, मागे ओढायची कॅराव्हॅन आणि डांबरी रस्ता, म्हणजे पोर्ट ऑगस्टाहून उत्तरेला डार्विनपर्यंत जाणारा स्टुअर्ट हायवे. सिम्पसन वाळवंट, गिब रिव्हर रोड वगैरे कच्च्या वाटांची मंडळी यात नाहीत. ती दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला.

आधी कॅराव्हॅन म्हणजे काय ते

ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं घर. इंजिन आणि घर एकत्र असेल तर ते मोटरहोम. नवख्याला मोटरहोम सोपं पडतं, कारण जोडाजोडी नाही आणि रिव्हर्सची कटकट कमी. पण कॅराव्हॅनचा एक मोठा फायदा आहे. ती एका जागी लावली की गाडी मोकळी होते. उलुरू या प्रचंड लाल खडकावरचा सूर्योदय बघायला पहाटे अख्खं घर गुंडाळून न्यावं लागत नाही.

चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही, हे घरच्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा. आमच्या सासूबाईंचा बेत मागच्या पलंगावर आडवं होऊन जप करत जायचा होता. तो पोर्ट ऑगस्टाच्याही आधी मोडला.

लगेच विकत घेऊ नका. आधी भाड्याने घ्या आणि घराजवळच्या कॅराव्हॅन पार्कमध्ये दोन रात्री राहा. गळका पाइप, न पेटणारी शेगडी, हरवलेली हिचची (गाडी-कॅराव्हॅन जोडणाऱ्या सांध्याची) किल्ली, हे सगळं घरापासून चाळीस किलोमीटरवर कळलं तर हसू येतं. वाळवंटातल्या कूबर पीडीत कळलं तर येत नाही. भाड्याचा करार मात्र चष्मा लावून वाचा. बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्यावर विमा लागू नसतो, आणि काहींत शहराबाहेर अंधार पडल्यावर चालवायलाच मनाई असते.

कधी जायचं, किती दिवस काढायचे

मे ते सप्टेंबर, म्हणजे इथला थंडीचा काळ. उन्हाळ्यात मध्य ऑस्ट्रेलियात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि उत्तरेकडे नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. वाळवंटात पाऊस कसला, असं म्हणू नका. जानेवारी २०२२ मध्ये ग्लेनडॅम्बो आणि कूबर पीडीच्या दरम्यान याच स्टुअर्ट हायवेवर पाणी भरलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला.

हिवाळ्यात दिवस छान वीस अंशांचे, पण रात्री? वाटेवरच्या ॲलिस स्प्रिंग्ज शहरात जुलैच्या पहाटे चार अंश ही सरासरी झाली, शून्याखालीही जातं. "वाळवंटात चाललोय" म्हणून नुसते सुती कपडे भरणारे पहिल्याच रात्री कुडकुडतात. स्वेटर, कानटोपी आणि जाड रजई घ्याच.

दिवसांचा हिशेब मी असा मांडते. ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्ज सुमारे १,५३० किलोमीटर. उलुरूला जायचं तर अर्लडंडाच्या फाट्याहून लॅसेटर हायवेने पश्चिमेला अडीचशे किलोमीटर आत, आणि तेवढंच परत. ॲडलेड–उलुरू–ॲलिस–ॲडलेड याला तीन आठवडे द्या. ओढूनताणून सोळा दिवसांत होईल, पण मग तुम्ही फक्त विंडस्क्रीन बघून याल. डार्विन गाठायचं असेल तर चार आठवडे, आणि शक्यतो परतीचा रस्ता टाळून तिथेच भाड्याची गाडी सोडता येते का ते बघा.

मागे कॅराव्हॅन असताना दिवसाला तीनशे ते साडेतीनशे किलोमीटर पुरे. दोन दिवस चालवलं की तिसऱ्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही. आणि दुपारी चारला जिथे असाल तिथून पुढे फक्त मुक्कामाची जागा शोधायची. हा चारचा नियम आमच्या घरात देवळाच्या वेळेसारखा पाळला जातो. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि त्याच्या आगेमागे कांगारू रस्त्यावर उतरतात.

वजन: इथे घाई करू नका

नवखे लोक चुकतात ते मुख्यतः इथे. दुकानदार सांगतो, "ही गाडी साडेतीन टन ओढते." खरं असतं, पण अर्धं.

कॅराव्हॅनच्या पाटीवर दोन आकडे शोधा. टेअर म्हणजे कारखान्यातून निघतानाचं रिकामं वजन. एटीएम म्हणजे सामानासकट तिचं जास्तीत जास्त किती वजन चालेल ते (पैसे काढायचं मशीन नव्हे, आमच्याकडे हा विनोद होऊन गेलाय). या दोघांतला फरक एवढंच तुमचं सामान. बऱ्याच कॅराव्हॅनना तो तीनशे ते पाचशे किलोच असतो. ऐकायला भरपूर वाटतं. आता मोजा. ऐंशी लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १६० किलो तिथेच गेले, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. गॅसच्या दोन भरलेल्या नऊ किलोच्या टाक्या लोखंडासकट पस्तीस-एक किलो. मग गाद्या-रजया, खुर्च्या, टेबल, अवजारं, भांडी, कुकर, चौघांचे कपडे. तांदळाच्या पोत्याला जागा उरतच नाही.

तिसरा आकडा गाडीच्या कागदांत असतो, जीसीएम, म्हणजे गाडी आणि कॅराव्हॅन मिळून एकूण कमाल वजन. गाडीत पाच माणसं, छतावर कॅरियर, डिकीत फ्रीज असेल तर साडेतीन टन ओढायची परवानगी कागदावरच राहते, कारण एकूण आकडा आधीच भरतो. चौथा आकडा बॉलवरचं वजन, म्हणजे हिचवर कॅराव्हॅनचं नाक किती दाबतं ते. ते साधारण कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या दहा टक्के असावं, आणि गाडीच्या भारात तेही धरायचं.

घरी अंदाज बांधू नका. सगळं भरून, टाक्या भरून, माणसं बसवून सार्वजनिक वजनकाट्यावर न्या. कारखान्याच्या दारात उसाच्या बैलगाड्या जशा काट्यावर चढतात, तसंच. थोडे पैसे पडतात, पण झोप शांत लागते.

वजन किती, याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही बघायला हवं. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. कॅराव्हॅनचं तेच. आमच्या पहिल्या फेरीत मी मागच्या कप्प्यात तांदूळ, कणीक, डबे आणि अवजारांची पेटी कोंबली होती, वर मागच्या बंपरला मुलांच्या सायकली. पोर्ट ऑगस्टा सोडल्यावर एका उतारावर, समोरून अवजड ट्रक सुसाट गेला आणि त्याच्या वाऱ्याने कॅराव्हॅन डावी-उजवी झुलायला लागली. झुला प्रत्येक हेलकाव्याला वाढत होता. नवऱ्याने घाबरून ब्रेक दाबला नाही, एवढं आमचं नशीब.

अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढायचा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरने फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक हाताने लावायचे. ती मागे खेचली जाते आणि सरळ होते. गाडीचा ब्रेक कचकन दाबला तर मागचं घर पुढे ढकलतं आणि मग काहीच हातात राहत नाही. ब्रेक कंट्रोलरचं ते बटण कुठे आहे, हे निघण्याआधी डोळे मिटून सापडलं पाहिजे. त्या दिवशी आम्ही पुढच्या रेस्ट एरियात थांबून सगळं सामान चाकांच्या वर, खाली जमिनीलगत हलवलं, सायकली गाडीत घातल्या. त्यानंतर ती कधी झुलली नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. ७५० किलोवरच्या ट्रेलरला ब्रेक हवेतच. दोन टनांच्या वर गेलात की सगळ्या चाकांना ब्रेक, आणि कॅराव्हॅन गाडीपासून सुटलीच तर आपोआप ब्रेक लावणारी व्यवस्था लागते. साध्या कारच्या लायसन्सवर नेहमीच्या आकाराची कॅराव्हॅन ओढता येते.

चालवायला शिका, मग निघा

रविवारी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर फक्त रिव्हर्स करा. युक्ती एकच आहे. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. कॅराव्हॅनचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, त्या बाजूला हात सरकवा. थोडंसंच. बिघडलं तर पुढे येऊन पुन्हा सुरुवात करा, त्यात कमीपणा नाही.

मागे उभं राहून सूचना देणाऱ्याने "डावीकडे, डावीकडे" असं ओरडू नये. कुणाच्या डावीकडे, यावरून कॅराव्हॅन पार्कमध्ये रोज संध्याकाळी संसार पणाला लागतात, आणि शेजारचे निवृत्त ऑस्ट्रेलियन आजोबा-आजी खुर्च्या टाकून ती करमणूक बघत असतात. "ड्रायव्हरची बाजू" आणि "पॅसेंजरची बाजू" असं म्हणा. आणि सूचना देणारा माणूस आरशात दिसायलाच हवा. दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. आरशांना जोडायचे लांब टोइंग मिरर घ्या, त्यांच्याशिवाय मागचं काही दिसत नाही.

हायवेवर नव्वदच्या आसपास चालवा. नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रांतात स्टुअर्ट हायवेवर १३०ची पाटी दिसेल, ती तुमच्यासाठी नाही असंच समजा. वेग वाढला की डिझेल पाण्यासारखं जातं आणि झुलण्याची शक्यताही वाढते. कॅराव्हॅन ओढताना शंभर किलोमीटरला पंधरा ते वीस लिटर धरून चला, समोरून वारा असेल तर त्याहून जास्त. म्हणजे ऐंशी लिटरची टाकी चारशे-साडेचारशे किलोमीटरची. पिंबा ते कूबर पीडी जवळजवळ ३६५ किलोमीटर आहे. मधलं रोडहाऊस चालू असेलच अशा भरवशावर राहू नका. टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपावर भरायची, भाव बघायचा नाही. भाव बघून रडू येणारच.

पेट्रोलवाल्यांसाठी एक गंमत. मध्य ऑस्ट्रेलियात पुष्कळ पंपांवर साध्या पेट्रोलच्या जागी "ओपल" या नावाने ओळखलं जाणारं इंधन मिळतं. ते हुंगून नशा करता येऊ नये म्हणून मुद्दाम तसं बनवलेलं असतं. साध्या अनलेडेडवर चालणाऱ्या गाडीत बिनदिक्कत घाला.

आता रोड ट्रेन. एका ट्रकच्या मागे तीन-तीन ट्रेलर, लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. पाच एसटी एकामागे एक जोडल्यासारखं. कॅराव्हॅन घेऊन तिला ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका. थांबा, चहा प्या, ती पुढे जाईल. ती मागून आली आणि पुढे जायला बघत असेल तर आपला वेग एकसारखा ठेवा, आपल्या ओळीत सरळ राहा. ती बाजूला निघाली की मग किंचित पाय काढा. यासाठी गाडीत यूएचएफ रेडिओ फार उपयोगी पडतो. ट्रकवाले चॅनेल ४० वर असतात, कॅराव्हॅनवाले आपसात १८ वर बोलतात. कॅराव्हॅनच्या पाठीवर तुमचा चॅनेल लिहून ठेवा, मग ड्रायव्हर स्वतःच सांगतो, "येतोय मित्रा, तसाच चालत राहा." ५ आणि ३५ हे संकटासाठी राखीव, त्यांवर गप्पा नाहीत.

समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट वर करेल. तो नमस्कार आहे. तुम्हीही करा.

मुक्काम: लावण्याचा आणि उठवण्याचा क्रम

जागा तीन प्रकारच्या. कॅराव्हॅन पार्कमध्ये वीज, नळ, गरम शॉवर, कपडे धुण्याचं मशीन. नॅशनल पार्कांत साधे कॅम्पग्राउंड, बहुधा फक्त शौचालय. आणि रस्त्याकडेचे रेस्ट एरिया व फुकट कॅम्प, त्यांपैकी ज्यांच्या पाटीवर परवानगी लिहिलेली असेल तिथेच रात्र काढायची. जागा शोधायला बहुतेक जण विकीकॅम्प्स हे ॲप वापरतात. त्याचे नकाशे घरीच उतरवून ठेवा. नॉर्दर्न टेरिटरीच्या पार्कांना बाहेरच्यांसाठी २०२३ पासून पार्क्स पास लागतो आणि कॅम्पची जागा ऑनलाइन आधी घ्यावी लागते. जूनच्या अखेरीस शाळांना सुट्ट्या लागल्या की उलुरूजवळचं युलारा आणि ॲलिस भरून जातात. तेवढी दोन ठिकाणं आधी राखा, बाकीचं मोकळं सोडा.

लावायचा क्रम पाठ करा. गाडी जोडलेली असतानाच आडवी पातळी बघा, एक बाजू खाली असेल तर त्या चाकाखाली प्लास्टिकचा उतार घालून चढवा. मग कॅराव्हॅनचा हँडब्रेक, मग चाकांना दोन्हीकडून अडणी. जॉकी व्हील, म्हणजे नाकाखालचं छोटं चाक, खाली. विजेची वायर, सुटल्यास ब्रेक लावणारी केबल आणि साखळ्या काढा, मगच हिच सोडवा. पुढची-मागची पातळी जॉकी व्हीलने साधा. चार कोपऱ्यांचे पाय शेवटी. ते पाय कॅराव्हॅन स्थिर ठेवायला आहेत, उचलायला नाहीत. जोर लावून फिरवाल तर वाकतात.

उठताना हेच उलट, आणि वर छतावरच्या खिडक्या, बाहेरची पायरी, फ्रीजची कडी, गॅसची टाकी, ऑनिंगचं कुलूप. ऑनिंग म्हणजे बाजूला उघडतं ते कापडी छत. वारा सुटला की ते लगेच गुंडाळा. रात्री दोनला उठून तो प्रयोग करायचा नसेल तर झोपतानाच गुंडाळा. सगळं झाल्यावर एकाच माणसाने, कुणाशीही न बोलता, कॅराव्हॅनभोवती एक फेरी मारायची. बोलत मारलेली फेरी धरायची नाही. चाकं काढली-घातली असतील तर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळा.

पाणी, वीज, आणि कुणालाच नको असलेलं काम

पिण्याचं पाणी सगळं कॅराव्हॅनच्या टाकीत ठेवू नका. खालून उडालेला एक दगड पाइप फोडतो आणि तुम्हाला ते पन्नास किलोमीटरनंतर कळतं. वीस लिटरचे दोन कॅन गाडीत वेगळे ठेवा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर, आणि अडकून पडलात तर म्हणून तेवढंच जास्तीचं. नळ दिसला की भरायचं, पण आधी विचारायचं. बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी असतं, पिण्याजोगं नसतं. कूबर पीडीत तर पाणी नाणी टाकून नळावरून घ्यावं लागतं, कारण तिथलं पाणी खारं, शुद्ध करून मिळतं. पाणी भरायची नळी पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली हवी. बागेची हिरवी नळी लावलीत तर चहाला रबराचा वास येतो.

कॅराव्हॅनचा विजेचा प्लग १५ अँपिअरचा असतो, त्याची एक पिन घरच्या सॉकेटपेक्षा मोठी. पार्कमध्ये तसे सॉकेट असतात. मित्राच्या घरी जोडता यावं म्हणून कुणी पिन कानसीने घासतात, ते अजिबात करू नका. वायर पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळी तापते. फुकट कॅम्पला वीज म्हणजे बॅटरी आणि छतावरचं सोलर. त्यावर दिवे, पंप, फ्रीज, मोबाइल चालतात. मिक्सर आणि हीटर घरी विसरा. थंडी वाजते म्हणून रात्री आत शेगडी पेटवून ठेवू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेत जातात.

शौचालयाची कॅसेट म्हणजे खाली सरकणारी साधारण वीस लिटरची पेटी. ती फक्त त्यासाठीच बांधलेल्या डम्प पॉइंटवर रिकामी करायची. झुडपात नाही, पार्कच्या संडासातही नाही. भांड्यांचं सांडपाणीही जमिनीवर सोडू नका, त्याला वेगळी नळी आणि टाकी असते. आमच्याकडे कॅसेटच्या पाळ्या लावल्या आहेत. पत्ते खेळून पाळी चुकवायची मुभा आहे, त्यामुळे रमी फार गंभीरपणे खेळली जाते.

जेवण

इथे मराठी स्वयंपाकघर जिंकतं. गोरे शेजारी सॉसेज भाजत असतात तेव्हा आपण दहा मिनिटांत पोहे वाढतो. कोरडं सामान हलकं, टिकाऊ आणि फ्रीज न मागणारं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजका रवा, शेंगदाण्याची चटणी, मूगडाळ, तांदूळ. छोटा कुकर न्या. खिचडी एका भांड्यात होते, गॅस कमी, पाणी कमी, घासायला एकच भांडं. भांडी आधी कागदाने पुसून मग घासली तर निम्म्या पाण्यात होतात. फोडणी मात्र बाहेर, ऑनिंगखाली. आत एकदा हिंग-मोहरी घातली की तो वास उशांतून महिनाभर जात नाही.

फळं-भाज्यांचं नीट लक्षात ठेवा. फळमाशी पसरू नये म्हणून राज्याच्या सीमेवर ताजी फळं, बऱ्याच भाज्या अडवतात. मेलबर्न किंवा सिडनीहून साउथ ऑस्ट्रेलियात येणाऱ्यांची यांबा, पिनारू, ऊडला विरा इथल्या नाक्यांवर गाडी तपासली जाते, दंडही होतो. सीमेच्या आधी फळं खाऊन संपवा, पलीकडे पुन्हा घ्या. आणि भारतातून आई-बाबा येणार असतील तर लोणची, बिया, दुधाचे पदार्थ विमानतळावरच्या कार्डावर लिहायला सांगा. लपवलेल्या डब्यापेक्षा लिहिलेला डबा बरा.

दुपारी माश्यांपायी जेवता येत नाही. तोंडावर घ्यायची जाळी दोन-चार डॉलरला मिळते. फोटोत विचित्र दिसते, पण पहिल्या दिवसानंतर कुणी लाजत नाही.

काही बिघडलं तर

ॲलिसपर्यंत कित्येक तास मोबाइलला रेंज नसते. त्यातल्या त्यात टेल्स्ट्राचं जाळं लांबवर पोचतं. ऑफलाइन नकाशे, कागदी नकाशा आणि एक पीएलबी न्या. पीएलबी म्हणजे बटण दाबलं की उपग्रहाद्वारे मदत मागणारं छोटं यंत्र. त्याची नोंदणी सागरी सुरक्षा खात्याकडे फुकट होते, तीच राहून जाते बऱ्याच जणांची. फोन लागला तर तातडीसाठी ०००.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही. हे मुलांना, पाहुण्यांना, सगळ्यांना आधी सांगा. विमानातून गाडी दिसते, एकटा माणूस दिसत नाही. बॉनेट उघडं करा, कॅराव्हॅनच्या सावलीत बसा, पाणी प्या. स्टुअर्ट हायवेवर तासाभरात कुणीतरी थांबतंच. तुम्हीही दुसऱ्यासाठी थांबा.

वाटेवरच्या जागा

पोर्ट ऑगस्टाला ॲलिसच्या आधीचं शेवटचं मोठं सुपरमार्केट आणि टायरवाला. इथेच १८६०च्या दशकात कराचीहून उंट आणि त्यांचे सांडणीस्वार उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. इथे त्यांना सरसकट "अफगाण" म्हणत, आणि ॲडलेडहून डार्विनला जाणाऱ्या "द घॅन" रेल्वेचं नाव त्यांच्यावरून पडलं. त्या उंटांचे वंशज अजून रानात मोकाट आहेत आणि कधीकधी रस्त्यावरही येतात. तुमचा रस्ता जॉन मॅकडुअल स्टुअर्टच्या नावाचा. १८६२ मध्ये त्याने खंड दक्षिणेहून उत्तरेला पार केला, आणि दहा वर्षांनी त्याच वाटेने तारेचे खांब गेले.

कूबर पीडीत दोन रात्री थांबा. ओपल रत्नांच्या खाणींचं गाव, उन्हामुळे निम्मं जमिनीखाली. खाणींच्या भागात "मागे चालू नका" अशा पाट्या आहेत आणि त्या गंमत नाहीत. फोटो काढताना एक पाऊल मागे टाकलं तर खाली उघडी विहीर असते.

लॅसेटर हायवेवर डावीकडे एक सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसतो आणि गाडीत सगळे ओरडतात, "उलुरू!" तो माउंट कॉनर. हसून पुढे चला. उलुरूच्या पार्कात कॅम्प करता येत नाही, मुक्काम वीसेक किलोमीटरवरच्या युलाराला. ही जमीन अनंगू या आदिवासी लोकांची आहे. १९८५ मध्ये ती त्यांना परत मिळाली आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून खडकावर चढणं कायमचं बंद झालं. पायथ्याभोवतीची दहा किलोमीटरची वाट सकाळी लवकर धरा. काही ठिकाणी फोटो काढू नका अशी पाटी असते. गाभाऱ्यात आपण कॅमेरा आत ठेवतो, तसाच इथेही ठेवायचा.

किंग्ज कॅन्यनला डांबरी रस्ता आहे. तिथून ॲलिसला जाणारा मरीनी लूप मात्र बराचसा कच्चा, खडखडीत, आणि त्याला पासही लागतो. कॅराव्हॅन घेऊन त्यावर जाऊ नका, आल्या वाटेने परत या. ॲलिसला तीन-चार रात्री ठेवा. कपडे धुवा, टायर तपासा, ऑर्मिस्टन गॉर्ज बघा, फ्लाइंग डॉक्टरांचं छोटं संग्रहालय बघा. १९२८ मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेचं विमान दूरच्या फार्मवरच्या आजाऱ्याला अजून तसंच उचलून आणतं. दारूच्या खरेदीवर इथे कडक निर्बंध आहेत, ओळखपत्र मागतात, वाद घालू नका.

त्यापुढे गेलात तर टेनंट क्रीकच्या शंभर किलोमीटर आधी कार्लू कार्लूचे गोल खडक, त्यांच्यामध्येच साधा कॅम्प आहे. मटारांकाला ३४ अंशांच्या कोमट झऱ्यात पोहता येतं. उत्तरेच्या या भागात मात्र नदी-डोह दिसला की आधी पाटी वाचा, मगरी आहेत. नदीकाठी मुक्काम केलात तर पाण्यापासून पन्नास मीटर तरी लांब, आणि रोज एकाच जागी पाणी भरायला उतरू नका. मगर बघून ठेवते.

परत आल्यावर

लाल माती धुवायला अर्धा दिवस धरा. छताची एक खिडकी उघडी राहून आम्ही एकदा आठ किलोमीटर कच्च्या रस्त्याने गेलो होतो. ती माती अजून कपाटाच्या कडांतून निघते, रजया तर आम्ही तशाच गुलाबी मानून वापरतो. टाक्यांतलं पाणी पूर्ण सोडून द्या, कॅसेट धुऊन उघडी वाळवा, गॅस बंद करा. फ्रीज बंद करून त्याच्या दाराच्या फटीत एक टॉवेल अडकवून ठेवा, दार मिटू देऊ नका, नाहीतर पुढच्या मे महिन्यात ते उघडणाऱ्याला बुरशी भेटेल.